‘अहो, चेंडूलाच लागला होता पाय!’

पत्र :
माझी तेरा वर्षांची मुलगी यंदा शाळेच्या फुटबॉल संघात आली. डिफेन्सला खेळते. मी आयुष्यात कधी फुटबॉल पाहिला नव्हता, पण तिचा एकही सामना चुकवत नाही. गेल्या सामन्यात समोरची मुलगी चेंडू घेऊन वेगात आली. माझ्या मुलीने घसरत जाऊन चेंडू काढला. पाय आधी चेंडूलाच लागला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मग ती मुलगी पडली. रेफरींनी शिट्टी वाजवली, वर पिवळं कार्डही दाखवलं. मला राहवलं नाही. ‘अहो, चेंडूलाच लागला होता पाय!’ असं मी चार-पाचदा तरी ओरडले असेन. घरी येईपर्यंत मुलगी एक शब्द बोलली नाही. रात्री म्हणाली, ‘आई, तुला काही कळत नाही. पुढच्या मॅचला येऊ नकोस.’ माझं चुकलं का? आणि हे नियम माझ्यासारखीने शिकायचे कसे? ऑफसाइड मला शेजारी बसलेल्या पालकांनी तीनदा समजावला, तिन्ही वेळा वेगळा.
— एक आई

उत्तर :
ताई,

आधी जरा धीर देतो. तुमच्या मुलीचं हे वाक्य मला माझ्या मुलानेही ऐकवलेलं आहे, आणि मी तर रेफरी होतो. शाळकरी मुलांच्या सामन्यांत शिट्टी गळ्यात अडकवून काही वर्षं पळालो. पुढे मुलगा खेळायला लागला तेव्हा कडेला उभा राहून मीही घसा बसेपर्यंत ओरडलोच. तेव्हा नुसतं ज्ञान असून भागत नाही. पण असलेलं बरं.

म्हणून तुमच्या आरोळीपासूनच सुरुवात करू. ‘आधी चेंडूला लागलं म्हणजे फाउल नाही’ हा फुटबॉलमधला सगळ्यात चिवट गैरसमज आहे. तो अगदीच हवेतून आलेला नाही. टॅकल करताना, म्हणजे समोरच्याच्या पायातला चेंडू काढून घेताना, चेंडूच्या आधी त्या खेळाडूला स्पर्श झाला तर फाउल, अशा अर्थाचं कलम पूर्वी नियमांत होतं. लोकांनी त्याची उलटी बाजू पाठ केली : चेंडूला आधी लागलं की पुढचं सगळं माफ. कालांतराने ते कलम गेलं, समज मात्र मागे राहिला. आता रेफरी बघतात ते असं : या खेळाडूने समोरच्याशी किती सांभाळून वागायला हवं होतं, आणि ती कशी वागली? चेंडू मिळाला का, हेही ते बघतात; पण तेवढ्यावर सुटका होत नाही.

याच्या तीन पायऱ्या आहेत. बाकी सगळं विसरलात तरी या तीन लक्षात ठेवा. पहिली बेफिकिरी. पाय घालताना अंदाज चुकला, लक्ष कमी पडलं, समोरची अडखळली. हा फाउल, समोरच्या संघाला फ्री किक, म्हणजे थांबलेला चेंडू मोकळेपणाने मारायची संधी द्यायची, कार्डाचं काम नाही. दुसरी बेदरकारपणा. समोरच्याला लागेल हे दिसत असूनही त्याची पर्वा न करता घुसणं. याला पिवळं कार्ड. तिसरी म्हणजे गरजेपेक्षा कितीतरी जास्त जोर, ज्याने समोरच्याच्या हातापायाला खरीखुरी इजा होऊ शकते. याला थेट लाल. गंमत अशी की या तिन्ही पायऱ्यांवर चेंडू मिळालेला असू शकतो. दोन्ही पाय जमिनीवरून उचलून, बुटाचे खिळे पुढे करून कुणी झेपावलं, चेंडू स्वच्छ काढला आणि त्याच झेपेत समोरच्याच्या नडगीवर आदळलं, तर ते लालच.

तुमच्या मुलीला पिवळं मिळालं. म्हणजे रेफरींना ती दुसऱ्या पायरीवर दिसली असावी. त्यांनी काय पाहिलं असेल ते मी सांगू शकत नाही, मी तिथे नव्हतो. पण अशा वेळी डोळा कशावर असतो ते सांगतो. किती वेगात आली? समोरून आली, बाजूने की पाठीमागून? पाय जमिनीला घासत होता की वर उचललेला? खिळे दिसत होते का? चेंडू काढल्यावर तिला थांबता आलं असतं का, की अंगाच्या भाराने ती तशीच पुढे जाणार होती? हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. स्वतःला आवरता येणार नाही असा टॅकल म्हणजे चेंडू काढल्यानंतरचं सगळं नशिबावर सोडणं. घसरत जाऊन टॅकल करणं हे मात्र मुळीच गैर नाही. नीट जमलेला स्लायडिंग टॅकल ही या खेळातली देखणी गोष्ट आहे, आणि तेराव्या वर्षी तो करायची हिंमत असलेली डिफेंडर कुठल्याही कोचला आवडेल.

आणखी एक शक्यता आहे. समोरच्या संघाची चाल चांगली रंगात आली होती आणि ती या फाउलने मोडली, तर साध्या बेफिकिरीच्या फाउललाही पिवळं मिळू शकतं. तुम्ही लिहिलंय की ती मुलगी ‘वेगात आली’. म्हणजे तेही असेल. मुलीला विचारा, तिला कारण माहीत असणार. न विचारता तिची बाजू घेण्यापेक्षा हे विचारणं तिला जास्त आवडेल असा माझा अंदाज आहे.

फाउलची यादी मी मुद्दाम लांबवत नाही, कारण ती कुणालाही अंदाजाने सांगता येते : लाथ मारणं, पाय घालून पाडणं, ढकलणं, हात उगारणं, अंगावर उडी घेणं, धरून ठेवणं, थुंकणं, चावणं. हो, चावणं. 2014 च्या विश्वचषकात उरुग्वेच्या लुईस सुआरेझने इटलीच्या किएलिनीच्या खांद्याला चावा घेतला होता. रेफरींना ते दिसलं नाही, पण नंतर फिफाने त्याला नऊ आंतरराष्ट्रीय सामने आणि चार महिने खेळाबाहेर ठेवलं. यादीतली एक गोष्ट मात्र अंदाजाने कळत नाही : लाथ लागली नाही, नुसता मारायचा प्रयत्न झाला, तरी तो फाउल आहे. आणि उलट बाजूने, खांद्याला खांदा भिडवणं हा फाउल नाही. चेंडू दोघींच्या आवाक्यात आहे, दोघी त्यासाठीच धावताहेत, आणि एकीने खांद्याने दुसरीला बाजूला सारलं, तर रेफरी शिट्टी वाजवणार नाहीत. तुमची मुलगी त्यात पडली तरी. हात वापरला, कोपर बाहेर काढलं किंवा पाठीत धडक दिली, की चित्र पालटतं.

तसंच चेंडू अंगाआड घेऊन उभं राहण्याचं. चेंडू पायाच्या टप्प्यात असेल तर पाठ करून समोरच्याला अडवायचा हक्क आहे. चेंडू चार हात लांब आहे आणि नुसतीच वाट अडवून उभी आहे, तर तो अडथळा. स्पर्श न होता अडवलं तर इनडायरेक्ट फ्री किक, अंगाने अडवलं तर डायरेक्ट.

या दोन फ्री किकमधला फरक बाहेर बसून ओळखायची सोपी खूण आहे. रेफरींनी एक हात सरळ डोक्यावर धरून ठेवला असेल तर ती इनडायरेक्ट. तिच्यावर थेट मारलेला गोल धरत नाहीत. वाटेत दुसऱ्या कुठल्या तरी खेळाडूला चेंडू लागावा लागतो. हात खाली असेल तर डायरेक्ट, थेट गोल मारता येतो. अंगाशी संबंध असलेले फाउल आणि हँडबॉल यांना डायरेक्ट मिळते. समोरच्याच्या तोंडाजवळ पाय उंच नेला पण लागला नाही, असल्या धोकादायक खेळाला इनडायरेक्ट. पाय लागला, की डायरेक्ट.

डायरेक्ट फ्री किकचा फाउल स्वतःच्या पेनल्टी एरियात, म्हणजे आपल्या गोलसमोरच्या मोठ्या चौकोनात झाला की पेनल्टी : समोर फक्त गोलकीपर, आणि चेंडू थेट गोलवर मारायचा. पुष्कळ लोक त्या चौकोनाला ‘डी’ म्हणतात, मीही म्हणतो. खरं तर इंग्रजी डीसारखा दिसतो तो बाहेरचा अर्धगोल, आणि त्यात फाउल झाला तर पेनल्टी मिळत नाही. तो अर्धगोल एवढ्याचसाठी आहे की पेनल्टी मारताना बाकीच्या खेळाडूंनी चेंडूपासून 9.15 मीटर लांब राहावं. चौकोन गोलरेषेपासून 16.5 मीटर आत येतो, पेनल्टीचा ठिपका 11 मीटरवर असतो, आणि चौकोनाची रेषा चौकोनातच मोजतात. पेनल्टी ठरते ती फाउल कुठे झाला यावरून. त्या वेळी चेंडू कुठे होता याला महत्त्व नाही. तो खेळात असला म्हणजे झालं. तेव्हा चेंडू पार मधल्या वर्तुळाजवळ असताना तुमच्या मुलीने आपल्या चौकोनात कुणाला ढकललं, तरी पेनल्टीच. डिफेन्सच्या मुलींना हे एकदा महागात पडल्याशिवाय पटत नाही.

आता हँडबॉल. कडेवरून ‘हँड! हँड!’ ही आरोळी दर सामन्यात दहा-बारा वेळा उठते आणि त्यातल्या बहुतेक वेळा रेफरी नुसतीच नकारार्थी मान हलवतात. कारण चेंडू हाताला लागला एवढ्याने हँडबॉल होत नाही. मुद्दाम हात लावला, तर होतो. आणि मुद्दाम नसला, पण हात अशा जागी होता की त्या हालचालीत तो तिथे असण्याचं काही कारण नव्हतं, अंग उगाच मोठं झालं, तरीही होतो. अंगाला चिकटलेल्या हातावर जवळून मारलेला चेंडू आदळला, पडताना टेकलेल्या हाताला लागला, तर सहसा खेळ चालू राहतो. हात म्हणजे कुठून, तर बगलेच्या खालच्या टोकापासून खाली. त्याच्या वरचा तो खांदा, आणि खांद्याने चेंडू खेळायला काही हरकत नाही. मारणाऱ्याच्या बाबतीत नियम जास्त कडक आहे : स्वतःच्या हाताला चेंडू चुकून लागला आणि लगेच तिनेच गोल केला, तर तो गोल धरत नाहीत.

हँडबॉलची गोष्ट निघाली की 1986 चा मॅरडोना आठवतोच. मेक्सिको सिटी, इंग्लंडविरुद्ध उपांत्यपूर्व सामना, उडी मारून डाव्या मुठीने जाळीत ढकललेला चेंडू, आणि गोल मान्य. मला मात्र त्याहून बोलका वाटतो तो 2010 चा प्रसंग. उरुग्वे आणि घाना, बरोबरी, जादा वेळेचं शेवटचं मिनिट. घानाच्या खेळाडूने डोक्याने मारलेला चेंडू जाळीत चाललेला, आणि गोलरेषेवर उभ्या सुआरेझने (हाच तो चावरा) गोलकीपरसारखा दोन्ही हातांनी अडवला. नियमाने जे व्हायचं ते सगळं झालं : लाल कार्ड, घानाला पेनल्टी. असामोआ ग्यानची पेनल्टी वरच्या दांडीला लागली, आणि उरुग्वे पुढे पेनल्टी शूटआउटमध्ये, म्हणजे दोन्ही संघांनी आळीपाळीने मारलेल्या पेनल्ट्यांत, जिंकलं. रेफरींची कणभर चूक नाही, शिक्षा सगळ्यात कडक, तरीही निम्म्या जगाला वाटलं की अन्याय झाला. ‘रेफरीने अन्याय केला’ आणि ‘मला अन्याय वाटला’ यांच्यात किती अंतर असू शकतं, हे मी त्या सामन्यावरून शिकलो.

ऑफसाइडकडे येऊ. तीन पालकांनी तीन प्रकारे सांगितला याचं नवल वाटत नाही. प्रत्येकाने बहुधा एकेक तुकडा बरोबर सांगितला असेल. क्रिकेटमधला पायचीत तुम्हाला कळत असेल तर हा कळायला जड नाही. तिथे जसं चेंडू कुठे पडला, पायावर कुठे आदळला आणि यष्ट्यांवर गेला असता का, हे सगळं जुळावं लागतं, तसं इथे तीन प्रश्न एकत्र जुळावे लागतात : कुठे, कधी आणि काय करत होती.

कुठे? समजा समोरच्या संघाची एक मुलगी तुमच्या अर्ध्या भागात आहे. ती चेंडूपेक्षाही पुढे आहे आणि तुमच्या संघाच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूपेक्षाही तुमच्या गोलरेषेच्या जवळ आहे. ही ऑफसाइडची जागा. शेवटची सहसा गोलकीपर असते, म्हणून शेवटून दुसरी म्हणजे बहुतेक वेळा तुमची मुलगी किंवा तिच्या शेजारची डिफेंडर. दोघी एका रेषेत असतील तर ऑफसाइड नाही. 1990 पासून बरोबरीचा फायदा हल्ला करणाऱ्याला मिळतो. डोकं, धड, पाय मोजतात, हात मोजत नाहीत.

कधी? तिच्या सोबतिणीने चेंडू मारला त्या क्षणी. चेंडू तिच्यापर्यंत पोचला तेव्हा ती कुठे होती, याच्याशी काही संबंध नाही. सगळा घोळ होतो तो इथे. चेंडू सुटला तेव्हा ती तुमच्या मुलीच्या रेषेत होती, मग सुसाट धावली, आणि चेंडू मिळाला तेव्हा चार पावलं पुढे एकटीच. कडेवरचे सगळे ‘ऑफसाइड!’ म्हणून उठतात, रेषेवर झेंडा घेऊन पळणाऱ्या लाइन्समनचा झेंडा मात्र वर जात नाही. आपण चेंडूबरोबर डोळे फिरवतो म्हणून फसतो. लाइन्समन त्या शेवटून दुसऱ्या डिफेंडरच्या रेषेत सरकत राहतात ते याचसाठी. तुम्हाला खरोखर ऑफसाइड बघायचा असेल तर मधल्या रेषेजवळची जागा सोडा आणि तुमच्या मुलीच्या रेषेत जाऊन बसा. इतर कुठूनही तो तिरकाच दिसतो, आणि तिरक्या नजरेला दोन पावलांचा फरक सहज लागतो.

आणि काय करत होती? ऑफसाइडच्या जागी नुसतं उभं राहणं गुन्हा नाही. तिने चेंडू खेळला, गोलकीपरची नजर अडवली, डिफेंडरला चेंडूपर्यंत जाऊ दिलं नाही, किंवा गोलच्या दांडीवरून वा गोलकीपरच्या हातून परत आलेल्या चेंडूचा फायदा उठवला, तरच शिट्टी. म्हणून कधीकधी झेंडा उशिरा वर जातो. ती चेंडूकडे जाते की दुसरीला सोडते, याची लाइन्समन वाट पाहत असतात.

चेंडू बाहेर गेल्यावर खेळ सुरू करायच्या तीन पद्धती, थ्रो-इन (बाजूच्या रेषेवरून हाताने), गोल किक (गोलजवळून) आणि कॉर्नर (कोपऱ्यावरून), यांतून चेंडू थेट मिळाला तर ऑफसाइड नसतो. स्वतःच्या अर्ध्या भागातही नसतो.

हा नियम कशाला, असं तुमच्या मनात आलं असेल. तो नसता तर एकेक खेळाडू गोलकीपरच्या शेजारी तळ ठोकून बसला असता आणि बाकीच्यांनी लांबून चेंडू फेकले असते. पूर्वी तर तो आजच्याहून कडक होता. हल्ला करणाऱ्याच्या पुढे तीन खेळाडू लागायचे. डिफेन्सवाले नुसती एक पायरी पुढे सरकून सगळी चाल मारायचे. 1925 मध्ये तीनचे दोन केले आणि गोल भराभर वाढले. तुमची मुलगी आणि तिच्या सोबतिणी एकदम पुढे सरकून हात वर करतात ना, ते त्याच जुन्या युक्तीचं आजचं रूप. पुढच्या वेळी तेवढं एक बघा. चेंडूकडे न बघता फक्त त्या चौघींची रेषा बघा. पाच मिनिटांत तुम्हाला कळेल की तुमची मुलगी चेंडू पायात नसताना किती काम करते.

रेषेचा विषय आहे तर एवढंच : चेंडू पूर्ण रेषेपलीकडे गेला पाहिजे, जमिनीवरून असो वा हवेतून. रेषेच्या कणभर भागावर जरी असला तरी तो आतच. गोललाही हेच लागू. 2010 मध्ये इंग्लंडच्या लॅम्पार्डचा चेंडू जर्मनीच्या गोलमध्ये चांगला आत पडून बाहेर आला आणि गोल दिला गेला नाही. 2014 च्या विश्वचषकापासून तिथे यंत्र लागलं. शाळेच्या मैदानावर यंत्र नसतं, लाइन्समनचे दोन डोळे असतात. थ्रो-इनला दोन्ही पाय जमिनीवर, दोन्ही हातांनी, चेंडू डोक्यामागून वरून. चुकलं तर थ्रो समोरच्यांना. गोलकीपरला सोबतिणीने मुद्दाम पायाने दिलेला चेंडू हातात घेता येत नाही, डोक्याने किंवा छातीने दिलेला येतो. हा नियम 1992 चा, वेळ काढायची खोड मोडायला आणलेला. गोलकीपरने हातात आठ सेकंदांहून जास्त चेंडू धरला तर 2025 पासून समोरच्यांना कॉर्नर मिळतो. लहान गटांत मैदान, वेळ, खेळाडूंची संख्या वेगळी असू शकते, ते कोचला विचारून घ्या.

कार्डांबद्दल तुम्ही थोड्या धास्तावलेल्या दिसता, म्हणून थोडं. ही कार्डं आली कशी? 1966 च्या विश्वचषकात इंग्लंड-अर्जेंटिना सामन्यात जर्मन रेफरींनी अर्जेंटिनाच्या कर्णधाराला, रॅटीनला, बाहेर काढलं. एकाला दुसऱ्याची भाषा येईना, रॅटीन मैदान सोडेना, सामना कितीतरी वेळ थांबला. रेफरींचे प्रमुख केन ॲस्टन यांना नंतर गाडी चालवताना सिग्नलच्या दिव्यांवरून कल्पना सुचली : पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे थांब. 1970 च्या विश्वचषकात कार्डं आली, आणि त्या अख्ख्या स्पर्धेत एकही लाल दाखवावं लागलं नाही. तेव्हा पिवळं म्हणजे ‘जपून’, बदनामी नव्हे. त्याच सामन्यात दुसरं पिवळं मिळालं तरच लाल होतं, आणि लाल मिळालं की संघाला उरलेला वेळ एक खेळाडू कमी घेऊन खेळावं लागतं. रेफरींकडूनही गफलत होते बरं. 2006 च्या विश्वचषकात ग्रॅहम पोल या नावाजलेल्या इंग्लिश रेफरींनी क्रोएशियाच्या शिमुनिचला दोन पिवळी दाखवूनही बाहेर काढलं नाही. तिसरं दाखवल्यावर तो बाहेर गेला.

समोरची एकटी गोलकीपरच्या समोर पोचली आहे आणि कुणी मागून तिला पाडलं, तर लाल मिळतं, कारण नक्की दिसणारा गोल हिरावला. पेनल्टी एरियात खरोखर चेंडू खेळायच्या प्रयत्नात हे झालं, तर 2016 पासून पेनल्टी आणि पिवळंच देतात, कारण पेनल्टीने गोलची संधी परत मिळालेली असते. ओढलं, ढकललं किंवा चेंडूशी संबंधच नव्हता, तर तिथेही लाल.

एक गोष्ट राहिली, आणि ती कडेला बसणाऱ्यांना सगळ्यात जास्त चिडवते : फाउल दिसला तरी शिट्टी वाजत नाही. रेफरी हात पुढे करून धावत राहतात. तो ॲडव्हांटेज. फाउल झाला, पण चेंडू त्याच संघाकडे राहिला आणि चाल चांगली चालली आहे, तर शिट्टी वाजवून त्यांचंच नुकसान कशाला करायचं? दोन-चार सेकंदांत फायदा झाला नाही तर मागे येऊन फ्री किक देता येते. कार्ड द्यायचं असेल तर ते पुढे खेळ थांबल्यावरही देता येतं. हे शिट्टी आवरणं मला फार उशिरा जमलं. एकदा एका मुलाला पाडलेलं बघताच मी शिट्टी फुंकली आणि तेवढ्यात घरंगळलेल्या चेंडूवर त्याच्या मित्राने गोल मारला. गोल अर्थात धरता आला नाही. पडलेला मुलगा गुडघा चोळत उठला आणि म्हणाला, ‘सर, कशाला वाजवलीत?’ कडेवरच्या शंभर शिव्यांनी झालं नसतं ते त्या प्रश्नाने झालं. पुढच्या सामन्यापासून मी शिट्टी तोंडात न ठेवता हातात धरायला लागलो, म्हणजे ती ओठांपर्यंत येईतो एक सेकंद विचाराला मिळतो.

आता मुलीचं. तिला वाईट कशाचं वाटलं असेल? कार्ड तिने घेतलं होतं, खेळ पुढे सुरू झाला होता, तिला पुढची चाल अडवायची होती, आणि तिची आई अजून त्याच टॅकलवर होती. सगळं मैदान तिच्याकडे बघत होतं ते कार्डापेक्षा तुमच्या आवाजामुळे. 2019 पासून रेफरी कोचलाही कार्ड दाखवू शकतात. पालकांना दाखवायची सोय अजून नियमांत नाही, आणि ती असती तर मीच दोन-तीनदा बाहेर गेलो असतो.

तिला एवढं म्हणा : ‘ओरडायला नको होतं. तो फाउल का होता, ते मला दाखव.’ ‘सांग’ नको, ‘दाखव’. जमिनीवर खोडरबर ठेवून ती तुम्हाला टॅकल करून दाखवेल, पेनाची टोपणं मांडून ऑफसाइडची रेषा लावेल. तिने सांगितलेलं माझ्याहून वेगळं निघालं तर लगेच माझं पत्र पुढे करू नका. आधी तिचं पूर्ण ऐका. सामन्यात ओरडायचंच असेल तर नावाने ओरडा, पण खेळ थांबलेला असताना, आणि रेफरींच्या नव्हे, संघाच्या नावाने.

आणि सामन्याच्या दिवशी तिची पिशवी भरताना दोन गोष्टी बघा. नडगीला लावायचे शिन गार्ड आत आहेत ना, आणि ते मोज्यांच्या आत बसतात ना. दुसरं, कानातले घरी काढून ठेवायला सांगा. चिकटपट्टी लावून ते झाकलेले चालत नाहीत, पूर्ण काढावे लागतात, नाहीतर रेफरी मैदानात उतरू देत नाहीत. या दोन्ही बाबतींत मी कधी कुणाचं ऐकलं नाही, आणि आया तर खूप ओरडायच्या.